तुमचं मत झालंय

परदेशातल्या नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी आपले लोक काय विचारतात हे मला आता पाठ आहे. गाव कुठलं, मिस्टर कुठे असतात, फ्लॅटचं भाडं किती. नव्वदीच्या मध्यावर शारजातल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी रुजू झाले, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून एक किडकिडीत गृहस्थ उठून आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाय, मागच्या इलेक्शनला मत दिलं होतंस?"

"नाही."

"का?"

माझा पाराच चढला. ना ओळख ना पाळख, या माणसाला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. "वेळ नाही मिळाला," मी तुटकपणे म्हटलं. त्यांनी मान हलवली. बाजारात माशाचा कल्ला उघडून बघितल्यावर बाई हलवते तशी. "हे नव्हे," असं म्हणून ते आपल्या टेबलाकडे परत गेले. दिवसभर ते दोन शब्द माझ्या डोक्यात कुरतडत राहिले. हे नव्हे म्हणजे काय? माझं कारण मला माहीत की यांना?

सगळं ऑफिस त्यांना अंकल म्हणायचं. रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी, मल्याळी ड्रायव्हर, पेशावरकडचे गोदामवाले पठाण, सगळे. ते वसईकडच्या एका गावातले ख्रिस्ती. बायको गावी, मुलगा शिकायला मुंबईत, आणि हे रोला भागातल्या एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहणारे. जहाजातून उतरलेला माल कस्टममधून सोडवायचा हा आमचा धंदा, आणि त्यातली कागदपत्रं अंकलच्या हाताखालून जायची. हात असा, की त्यांनी तपासलेला कागद दुसऱ्या कुणी तपासत नसे.

बाकीचे आम्ही वर्षाची सुट्टी उन्हाळ्यात एकदम घ्यायचो. बॅगा भरायच्या, भाच्यापुतण्यांना परफ्यूम न्यायचे. अंकलची सुट्टी तुकड्यातुकड्यांची. चार दिवस आत्ता, तीन दिवस तेव्हा. कारण गावाला इलेक्शन असलं की ते जायचे. लोकसभा तर सोडाच, ग्रामपंचायतीलासुद्धा. आणि त्या काळात दिल्लीतली सरकारं अशी कोसळत होती, की अंकलची सुट्टी कधी साठलीच नाही. माझा नवरा म्हणायचा, "बाराशे दिरहम तिकीट. म्हणजे जवळजवळ चौदा हजार रुपये. एका मताला! त्यापेक्षा उमेदवारच विकत मिळेल." परत येताना अंकल फक्त सुकेळी आणायचे, वसईची ती उन्हात वाळवलेली, केळीच्या पानात बांधलेली केळी. ती टेबलांवर फिरायची, आणि डाव्या हाताचं शाई लागलेलं बोट ते काही दिवस उगाचच पुढे करून बोलायचे.

पण त्यांचा खरा नाद मत देण्याचा नव्हता. न देणाऱ्यांचा होता. माणसं मत का देत नाहीत, याचं त्यांना लहान मुलासारखं कुतूहल होतं. उपदेश मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. "तुम्ही सुशिक्षित लोक" वगैरे जे काही आपण ऐकतो, त्यातलं काही नाही. फक्त विचारायचे, आणि उत्तर ऐकताना तोंड जरा उघडं ठेवायचे. नाव विसरतील, पण कारण विसरणार नाहीत. माणसं त्यांच्या डोक्यात कारणांनीच बसलेली होती. एकदा बाजारात एका बाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या साखरपुडेवाल्या." त्या बाईंनी ऐन वयात पहिलं मत दिलं नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी साखरपुडा, आणि आईला भीती, की अंगठी घालतानाच्या फोटोत बोट काळं दिसेल.

गणपतीत आमच्या अल मजाजच्या फ्लॅटवर तीस-चाळीस मराठी माणसं यायची. अंकल प्रसादाची वाटी घेऊन खिडकीजवळ उभे राहायचे आणि एकेकाला गाठायचे. ठाण्याचे एक इंजिनिअर ऐटीत म्हणाले, "अहो अंकल, बी प्रॅक्टिकल. एका मतानं काय फरक पडतो?"

"हे सगळेच म्हणतात. खरं सांगा."

"हेच खरं आहे."

"बरं," अंकल म्हणाले आणि त्यांच्याशी मुंबईच्या पाण्यावर बोलायला लागले. तासाभरानं, लोक पांगल्यावर, तेच इंजिनिअर आपण होऊन परत आले. मतदान केंद्र मोठ्या भावाच्या गल्लीत होतं. घराच्या वाटणीवरून बोलणं बंद. गल्लीत शिरलं की वहिनी खिडकीतून बघणार. "आठ वर्षं झाली हो," ते म्हणाले, आणि पटकन चपला घालून निघून गेले. अंकल मात्र खूश. "बघ बाय," म्हणाले, "पहिलं कारण पाहुण्यांसाठी असतं."

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिनं विचारलं, "अंकल, व्हाय डोन्ट यू जस्ट फोन देम अँड टेल युवर व्होट?" त्यावर ते पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "फोनवर मीच बोलतोय हे त्यांना कसं कळणार, बाळा?"

आमचे मुदीर, म्हणजे वरचे साहेब, इथलेच अरब. हिंदी फर्डं बोलायचे. अंकलचा रजेचा अर्ज आला की ते त्यांना आत बोलवायचे, आणि दार उघडंच असल्यानं संवाद सगळ्यांना ऐकू यायचा.

"फिर इलेक्शन? अभी तो गया था."

"सरकार गिर गया, सर."

"पिछली बार तुम्हारा आदमी जीता?"

"नहीं सर."

"उसके पहले?"

"मेरा आदमी आज तक कभी नहीं जीता, सर."

मुदीर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या डोळ्यांत तेच कुतूहल होतं, जे अंकलच्या डोळ्यांत असायचं. "फिर क्यों जाता है?"

"जाना पड़ता है, सर."

"हबीबी, ये जवाब नहीं है," मुदीर म्हणाले आणि सही केली. "यल्ला, जाओ."

म्हणजे अंकलना त्यांचंच औषध मिळालं होतं. बाहेर आम्ही फायलींत तोंडं खुपसून हसत होतो. पण माझ्या मनात तेव्हापासून बसलं, की या माणसाचं स्वतःचं कारण काढायचंच.

ते निघालं खोर फक्कानच्या रस्त्यावर. तिथल्या बंदरात एका कंटेनरच्या सीलचा आकडा आमच्या कागदाशी जुळत नव्हता, आणि माल माझ्या गिऱ्हाइकाचा म्हणून मीही बरोबर होते. खरं तर फॅक्सवर काम झालं असतं. पण अंकलचा नियम होता, कागदावर आहे म्हणजे आहे असं नाही, स्वतः जाऊन बघायचं. तेव्हा तो रस्ता डोंगरांतून वळणं घेत जायचा, दोन्ही बाजूंना उघडे, तपकिरी डोंगर, आणि गाडीत एसीपेक्षा जास्त आवाज अंकलचा. अर्ध्या वाटेवर त्यांनी पुन्हा विचारलं. "वेळ मिळाला नाही, हे पाहुण्यांचं. घरचं कारण सांग."

का कोण जाणे, मी सांगितलं. पुण्यात माझं पहिलं मत होतं. बाबांनी सकाळीच कुणाला द्यायचं ते सांगून ठेवलं होतं. मला त्या माणसाला द्यायचं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला देऊन घरी यायचं आणि बाबांनी "दिलंस ना?" विचारल्यावर त्यांच्या डोळ्यांत बघून हो म्हणायचं, एवढं धैर्य माझ्याकडे नव्हतं. म्हणून डोकं दुखतंय सांगून मी पडून राहिले. पुढच्या वेळी डोकं दुखण्याचीही गरज पडली नाही, सवयच लागली. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"हे मी आजपर्यंत ऐकलं नव्हतं," असं अंकल म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट नव्हतं.

"आता तुमचं," मी म्हटलं. "मुदीरना दिलंत ते नको."

मग त्यांनी सांगितलं. एकवीस पूर्ण झाली तेव्हाची गोष्ट, मत द्यायला तेव्हा तेवढं वय लागायचं. नवा शर्ट शिवला होता. वडिलांबरोबर शाळेतल्या केंद्रावर गेले, रांगेत तासभर उभे राहिले. टेबलामागच्या मास्तरांनी यादीत बोट फिरवलं आणि वर न बघता म्हणाले, "तुमचं मत झालंय."

"मी आत्ता आलो."

"नावाखाली रेघ आहे. झालंय."

अंकलनी हात पुढे केला. बोट स्वच्छ. मास्तर म्हणाले, "बोट बरोबर आहे हो. पण रेघ आहे." तेव्हा एकवीस वर्षांच्या अंकलनी विचारलं, "मग मी कुणाला दिलं?"

"सगळी रांग हसली, बाय. वडीलसुद्धा हसले. मला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं." मास्तर भले होते. त्यांनी दुसरी मतपत्रिका दिली, शिक्का मारायला लावला आणि ती वेगळ्या पाकिटात घातली. ही पेटीत जात नाही, कोर्टानं कधी मागितली तरच उघडतात, असं समजावलं. "कोर्टानं काही मागितलं नाही. माझं पहिलं मत त्या पाकिटातच राहिलं. आणि दुसरं, जे मोजलं गेलं, ते कुणाला गेलं मला माहीत नाही. लोक म्हणतात, आपण गेलो नाही तर मत वाया जातं. वाया जात नाही, बाय. कुणीतरी घेऊन जातं. म्हणून मी जातो. माझ्या नावावर दुसरं कुणी उभं राहू नये म्हणून."

बंदरात उन्हात कंटेनरच्या दाराशी उकिडवे बसून त्यांनी सीलच्या एकेका आकड्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. गेटवरचा क्लार्क म्हणाला, "चाचा, एक ही नंबर तो अलग है. खलास, जाने दो." अंकल म्हणाले, "एक नंबर अलग तो डब्बा अलग." आणि खरोखरच डबा वेगळा निघाला. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला, आणि म्हणूनच पुढे मी जे केलं त्याची लाज आजही वाटते.

झालं असं. माझी नणंद पुण्यात शाळेत शिक्षिका. तिला मतदार यादीची ड्युटी लागली, घरोघरी फिरून नावं तपासायची. तिनं फोनवर हसत सांगितलं, "वहिनी, तुमची दोघांची नावं मीच कमी केली गं. परदेशी राहणाऱ्याचं नाव यादीत ठेवता येत नाही. जिथे राहतो तिथलाच मतदार, असा कायदा आहे. पासपोर्ट आपला असला तरी काही उपयोग नाही." मला स्वतःचं काहीच वाटलं नाही. जे वापरलंच नाही ते गेलं. पण फोन ठेवताना अंकल आठवले. आखातातले आपले सगळेच लोक तेव्हा याच समजुतीत होते. रेशनकार्डावर नाव आहे, पासपोर्ट आहे, घरपट्टी भरतो, म्हणजे मत आहेच. इतका कागदांचा माणूस, पण हा एक कागद अंकलनी कधी उलटून बघितला नव्हता. मी आठ महिने काही बोलले नाही.

मग पुढची निवडणूक जाहीर झाली. त्याच आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डाव्या डोळ्याचं आधीचं बिघडलेलं होतं, उरलेला हा एकच. मला जायचंच होतं. पण आमच्या टेबलांवरून एका वेळी एकालाच रजा, आणि अंकलचा अर्ज आधीच मंजूर. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "एकदोन दिवसांचा प्रश्न आहे, बाय. मी बुधवारी परत येतो, तू बुधवारी नीघ."

"ऑपरेशन सोमवारी आहे!"

"पण मतदानाचा दिवस माझ्या हातात नाही ना."

आणि मी भडकले. सगळ्या ऑफिससमोर, मराठीतून, पण आवाज असा की मल्याळी ड्रायव्हरलाही समजावं. "कसलं मत, अंकल? तुमचं नाव त्या यादीत असायलाच नको! इथे राहणाऱ्यांना मतच नाही, कायदाच आहे तसा. माझ्या नणंदेला विचारा!" आणि नणंदेनं सांगितलं ते सगळं, कलमासकट, त्यांच्या टेबलावर आपटलं.

त्यांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. परत घातला. "लेखी आहे?" एवढंच विचारलं. मी आहे म्हणाले. तेव्हा ते हळूच, अगदी नवल वाटल्यासारखे बोलले, "म्हणजे एवढी वर्षं माझ्या नावावर बोगस मत टाकणारा मीच."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. अंकलनी आत जाऊन मुदीरच्या टेबलावरून आपला मंजूर झालेला अर्ज उचलला, फाडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जा. वडिलांचा डोळा महत्त्वाचा." मी गेले. बाबांचं ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला बघितलं, आणि मी रडले ते काही सगळं त्यांच्यासाठी नव्हतं.

अंकल त्या निवडणुकीला गेले नाहीत. आठवड्यानं त्यांच्या पुतण्याचा गावाहून फोन आला. तो एका पक्षाचा एजंट म्हणून केंद्रात बसला होता. सकाळी चहाला म्हणून बाहेर गेला, आणि परत येऊन यादी बघतो तर काकांच्या नावाखाली रेघ. "काका, तुम्ही येऊन गेलात आणि घरी आला नाहीत?" असं त्यानं भाबडेपणानं विचारलं होतं. अंकलनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते म्हणाले, "मी गेलो तरी बोगस, नाही गेलो तरी बोगस. आता नावच काढायला पाहिजे."

पुढच्या रजेत ते त्यासाठीच तहसील कचेरीत गेले. तिथला क्लार्क म्हणे खुर्चीवरून उठून त्यांना बघायला आला. स्वतःचं नाव कमी करायला आलेला जिवंत माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता. "कारण काय लिहू, काका? स्थलांतरित लिहिलं तर चौकशी लागते, वेळ जातो. मयत लिहिलं तर पटकन होतं. तुम्ही म्हणाल तसं." अंकलनी स्थलांतरित लिहायला लावलं. "खोटं मरायचं कशाला?" मला म्हणाले. चौकशी लागली आणि वेळ गेला. वर्षं गेली. त्यांनी तीन पत्रं लिहिली. पुढची निवडणूक आली तेव्हा पुतण्यानं नवी छापील यादी बघून कळवलं, काका, तुमचं नाव आहे तिथेच आहे.

अंकलनी रजेचा अर्ज टाकला. मुदीरनी विचारलं, "अब तो वोट नहीं है तुम्हारा. फिर?"

"नाम है, सर. नाम के लिए जाता हूं."

त्या वेळी माझ्या भाच्याच्या मुंजीसाठी मी मुंबईत होते. मुंज आटोपली होती, मतदानाच्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती. माझं नाव तर कुठेच नव्हतं. मी टॅक्सी केली आणि अंकलच्या गावी गेले. आणखी काही नाही, मला बघायचंच होतं.

मी पोहोचले तेव्हा नऊ वाजत होते आणि अंकल केंद्राच्या टेबलाशी उभे होते. मी दारातून बघत राहिले. टेबलामागे एक तरुण शिक्षिका. अंकल यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवून सांगत होते, "मॅडम, हा माणूस गावात राहत नाही. परदेशी असतो. याच्या नावावर कुणी आलं तर तो खोटा. मत देऊ नका."

"तुम्ही कोण?"

"मीच तो."

शिक्षिकेनं त्यांच्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं. "मग तुम्हाला मत द्यायचंय की नाही?"

"मला देता येत नाही. म्हणून तर सांगायला आलो."

"काका, मागे लाईन लागलीये," ती कळवळून म्हणाली. "नाव आहे ना? सही करा, मत द्या आणि जा ना!" मागून गावातली माणसंही म्हणायला लागली, दे रे, कशाला नाटकं. अंकलचा डावा हात टेबलावर होता, सवयीनं बोट पुढे आलेलं. तीस वर्षं ज्याच्यासाठी हा माणूस समुद्र ओलांडून येत होता ते तिथे हातभर अंतरावर होतं, आणि कुणीच त्याला अडवत नव्हतं. त्यांनी हात खिशात घातला आणि बाहेर आले.

घरी मात्र गेले नाहीत. रस्त्यापलीकडच्या मोरीच्या कठड्यावर, हवालदारानं दाखवलेल्या चुन्याच्या रेघेबाहेर बसले. पाच वाजता मतदान संपेपर्यंत बसणार होते. गावातलं प्रत्येक तोंड त्यांच्या ओळखीचं. अनोळखी माणूस आत जाताना दिसला की उठून दारापर्यंत जायचे, नाव विचारायचे, आणि हवालदार त्यांना परत हाकलायचा. "मागच्या वेळी पुतण्या चहाला गेला होता. मी चहा पिणार नाही," मला म्हणाले.

दुपारी त्यांनी मला आपल्या घरी पिटाळलं. आंटींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, आणि माझी ती पहिलीच भेट. बुटक्या, गोल, लगबगीच्या बाई. स्वयंपाकघरात दोन मोठी पातेली चढलेली, परातीत सुरमईचे तुकडे, पाट्यावर वाटणाचा डोंगर. अंकल गावी आले की पुतणे, शेजारी, चर्चमधली मंडळी, झाडून सगळे रात्री जेवायला. मी मदतीला बसले. बोलता बोलता सहज विचारलं, "आंटी, तुम्ही सकाळीच मत देऊन आलात का?"

"मी?" त्या हसल्या. "मी कुठे देते."

"या वेळी नाही?"

"कधीच नाही. नाव आहे माझं. त्यांच्या खालचंच."

मी नारळ खवायची थांबले. शारजात, दुबईत, अल ऐनला गेले तर तिथे, विमानात शेजारी बसलेल्याला, शेकडो माणसांना विचारत फिरलेला हा माणूस. "अंकलनी कधी विचारलं नाही तुम्हाला?"

"विचारतात ना. आत आल्या आल्या विचारतात, कालवणात चिंच घातलीस का?" असं म्हणून त्यांनी पातेल्यात डाव फिरवला. मग बराच वेळ फिरवतच राहिल्या. "खरंच देणार नाहीत ते आज?" त्यांनी विचारलं.

"नाही देणार. तिथे बसलेत फक्त."

चारच्या सुमारास त्यांनी कालवण दुसऱ्या शेगडीवर बारीक केलं, भाताचं पातेलं चढवलं, हात धुतले आणि आतल्या खोलीतून रविवारची साडी नेसून आल्या. "चल गं माझ्याबरोबर," म्हणाल्या. "मला एकटीला तिथे काय बोलायचं माहीत नाही."

आम्हाला येताना बघून अंकल कठड्यावरून उठले. दिवसभराच्या उन्हानं चेहरा रापला होता. "डबा आणलास? कुठाय?"

"डबा नाही. मत द्यायला आले."

अंकलनी माझ्याकडे बघितलं, मग आंटींकडे. तोंड जरा उघडं, कारण ऐकताना असायचं तसं. "तू कधी देत नाहीस?"

"नाही."

"एवढ्या वर्षांत का नाही दिलंस?"

"तुम्ही यायचात म्हणून," आंटी म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, साधं उत्तर होतं. "पंचवीस माणसांचं रांधू, की रांगेत उभी राहू?"

मी अंकलना इतकी वर्षं ओळखत होते. "हे नव्हे, खरं सांग," असं ते म्हणाले नाहीत.

"भात चढवलाय," आंटी म्हणाल्या. "कालवण बारीक गॅसवर आहे. जा, बघा जरा, नाहीतर करपेल."

"पण इथे..." अंकलनी केंद्राच्या दाराकडे हात केला. पाच वाजायला पाऊण तास होता. तेवढ्यात एक मोटरसायकल येऊन थांबली आणि दोन अनोळखी पोरं उतरून आत जायला लागली. ती त्यांनीही बघितली, मीही बघितली.

"इथे तुमचं नाव आहे फक्त," आंटी म्हणाल्या. "घरी गॅस पेटलाय."

अंकल एक क्षण तिथेच उभे राहिले. मग वळले आणि घराच्या वाटेला लागले. आधी चालत, मग त्या वयात जमेल तेवढं धावत. एकदाही मागे बघितलं नाही. आंटींनी पदर सारखा केला आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.